दोन मोकळे हात

तिरंदाजी पाहायला गेलेल्या माणसाची नजर साहजिकच लक्ष्याकडे जाते. सत्तर मीटरवरची ती १२२ सेंटिमीटर व्यासाची रंगीत चकती, तिच्या मधोमध दहा गुणांचे जेमतेम १२.२ सेंटिमीटरचे पिवळे वर्तुळ, आणि नेमका तेवढ्यातच जाऊन रुतणारा बाण. कौतुक करावे तर याचेच, असे वाटते. परंतु मैदानाच्या कडेला उभे राहून लक्ष्याऐवजी तिरंदाजाच्या हातांकडे पाहत राहिले, तर निराळेच काही ध्यानात येते. धनुष्य ज्या हातात असते, त्या हाताने ते धरलेलेच नसते.

ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याची मूठ तिरंदाज आवळत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर ती नुसती टेकलेली असते आणि बोटे सैल असतात. मूठ आवळली की मनगट नकळत वळते, मनगटाबरोबर धनुष्य वळते, आणि हातातले ते केसभर वळण सत्तर मीटर पार करीपर्यंत वीतभर होऊन बसते. म्हणून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक लहानशी दोरी बांधलेली असते. बाण सुटला की धनुष्य पुढे झेप घेते, आणि हाताने नव्हे तर त्या दोरीने सावरले जाते.

दुसऱ्या हाताचे तर याहून नवल. प्रत्यंचा तीन बोटांच्या पेरांत अडकवून हनुवटीपर्यंत आणलेली असते. अठरा-वीस किलोंचा तो ओढा बोटांनी किंवा दंडाने पेलायचा नसतो, पाठीने पेलायचा असतो; दोन्ही खवाटे एकमेकांकडे सरकताना मागून स्पष्ट दिसतात. बाणाचे टोक धनुष्यावरच्या एका पातळ पट्टीखालून मागे सरकत येते, आणि ओढ पूर्ण झाली की ती पट्टी ‘टक’ असा आवाज करते. तिला क्लिकर म्हणतात. आवाज ऐकला की सोडायचे. मात्र सोडायचे म्हणजे बोटे उघडायची नाहीत. मुद्दाम उघडू गेले, तर प्रत्यंचा बाजूला ढकलली जाते आणि बाण भरकटतो. बोटांनी धरून ठेवणे तेवढे थांबवायचे असते. प्रत्यंचा आपली आपण निसटते आणि हात मानेच्या कडेने कानाखालून मागे जातो. म्हणजे ज्या क्षणी सारे ठरते, त्या क्षणी तिरंदाजाचे दोन्ही हात मोकळे असतात.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी वैयक्तिक विजेतेपदे मिळवली, तेव्हापासून मराठी घरांतून तिरंदाजीचे शब्द थोडेफार कानांवर पडू लागले आहेत. आदिती साताऱ्याची, ओजस नागपूरचा, आणि दोघांचा सराव साताऱ्यात. अंतिम सामन्यात ओजसने पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. कंपाउंड धनुष्याला चाके असतात आणि प्रत्यंचा हातातल्या छोट्या उपकरणाने सोडली जाते, पण त्याचाही खटका झटक्याने दाबायचा नसतो. यंत्र बदलले तरी शिस्त तीच राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे धनुर्विद्येचा विषय निघाला की पोपटाचा डोळा आणि एकलव्याचा अंगठा आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला मात्र यांच्या जोडीला शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, धनुर्धरही आठवतात, आणि त्यांच्या कथांतून अचूक नेमाचे कौतुक फारसे आढळत नाही. बायबलमधला सर्वांत अचूक म्हणावा असा बाण रामोथ-गिलादच्या लढाईत सुटतो. वेष पालटून रणात उतरलेल्या अहाब राजाच्या चिलखताच्या सांध्यात तो बरोबर शिरतो. पण मारणाऱ्याने सहज धनुष्य ओढलेले असते आणि त्याचे नावही ग्रंथाने नोंदवलेले नाही. नेम कोणाचा लागला, याचे श्रेय शास्त्र मोठ्या कंजुषीने देते.

त्याऐवजी शास्त्राचे लक्ष आहे ते सोडण्याकडे. योनाथान आणि दावीद यांची गोष्ट पाहावी. योनाथानाचा बाप राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला आहे की नाही, हे कळवण्याची खूण दोघांनी ठरवली होती. योनाथानाने बाण मारायचे आणि ते वेचणाऱ्या पोराला ओरडून सांगायचे. बाण तुझ्या अलीकडे आहेत असे म्हटले तर दावीदाने निर्धास्त यावे, तुझ्या पलीकडे आहेत म्हटले तर निघून जावे. सकाळी योनाथान शेतात गेला, पोराला पुढे धावायला लावले आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल असा बाण मारला. पोराला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने बाण उचलून आणले, शस्त्रे घेऊन तो नगरात गेला, आणि मग दडून बसलेला दावीद बाहेर आला. योनाथान राजाचा वारस होता. दावीद वाचला तर सिंहासन आपल्या हातचे जाणार, हे बापाने त्याला रागाच्या भरात ऐकवलेलेही होते. तरी त्याने तो बाण मारला, आणि त्याच एका बाणाबरोबर मित्र आणि राज्य दोन्ही सोडले. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मैत्रीवर प्रवचन असले की ही कथा हमखास निघते, पण ती मला मैत्रीइतकीच तिरंदाजीचीही वाटते.

बायबलमधल्या १२७व्या स्तोत्रात मुलांना वीराच्या हातातल्या बाणांची उपमा दिली आहे. बाळाच्या समर्पणविधीत ते स्तोत्र आवडीने वाचतात, आणि सारा भर असतो भरलेल्या भात्यावर. बाण भात्यात ठेवण्यासाठी घडवत नाहीत, याची आठवण पालकांना पुढे वीसेक वर्षांनी मुलाच्या व्हिसाचे कागद हाती आल्यावर होते.

मात्र सोडण्याचे हे माहात्म्य सांगताना आपल्या प्रार्थनासभांतून एक घाई होते आणि ती मला खटकते. कोणी आजाराचे, कर्जाचे, घरातल्या भांडणाचे गाऱ्हाणे घेऊन आला की त्याचे पुरते ऐकून घेण्याच्या आत त्याला ‘प्रभूवर सोपवा’ असे सांगितले जाते. सोपवावे हे खरेच, पण क्लिकर वाजण्याआधी सोडलेला बाण लक्ष्यापर्यंत पोचत नाही. सैल हाताला किंमत येते ती पाठ पूर्ण ताणलेली असते म्हणून. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हटले, ते गेल्या गेल्या नव्हे. आधी हा दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी झाली, ती पुन्हा पुन्हा झाली, आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला असे शुभवर्तमानकार लूक लिहितो. त्या ओढीला जाऊन मिळालेले ते सोडणे आहे.

याच्या उलट टोकाचाही एक आजार तिरंदाजांत असतो आणि भलेभले त्याने बेजार होतात. इंग्रजीतून आलेले ‘टार्गेट पॅनिक’ हेच नाव सगळीकडे चालते. हात पिवळ्यावर स्थिर होतच नाही, किंवा होण्याआधीच बाण सुटतो, किंवा सोडायचा म्हटला तरी सुटत नाही. यावर प्रशिक्षक सांगतात तो उपाय असा की लक्ष्याचा कागदच काढून टाकायचा, चार-पाच पावलांवर बाण रुतवायच्या कोऱ्या गठ्ठ्यासमोर उभे राहायचे आणि नुसते ओढणे-सोडणे करत राहायचे. गुण नाहीत, वर्तुळे नाहीत. उत्तर मिळाले की नाही याचा हिशोब मांडत प्रार्थना करणाऱ्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, असा कोरा गठ्ठा अधूनमधून मानवेल.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या संत अंतोनीची एक आख्यायिका आहे. तो आपल्या संन्यासी बंधूंबरोबर हसत-बोलत बसलेला पाहून एका शिकाऱ्याला धक्का बसला. अंतोनीने त्याला धनुष्य ओढायला सांगितले, मग आणखी ओढायला, मग आणखी. असेच ओढत राहिलो तर धनुष्य मोडेल, असे शिकारी म्हणाला. तेव्हा देवाच्या कामातही बंधूंना मर्यादेबाहेर ताणले तर ते मोडतात, असे अंतोनीने त्याला सांगितले. आजही रिकर्व्ह तिरंदाज सराव संपला की प्रत्यंचा उतरवून ठेवतो. रविवारीदेखील एका सभेतून दुसऱ्या सभेत धावणाऱ्या आमच्या पाळकांना हा शिकारी भेटायला हवा.

या सगळ्यात बायबलमधला इस्राएलचा राजा योवाश बसतो कुठे, हे मला बरेच दिवस उलगडत नव्हते. संदेष्टा अलीशा मरणपंथाला लागलेला असताना हा राजा त्याच्याकडे रडत येतो. अलीशा त्याला धनुष्य हाती घ्यायला लावतो, राजाच्या हातांवर आपले हात ठेवतो, पूर्वेची खिडकी उघडायला सांगतो आणि म्हणतो, मार. बाण जातो, आणि तो अरामावरच्या, म्हणजे शत्रुराज्यावरच्या, जयाचा बाण असल्याचे संदेष्टा जाहीर करतो. इथवर सारे आपल्याला आवडणारे आहे, कारण वर देवमाणसाचे हात आहेत. मग अलीशा आपले हात काढून घेतो आणि उरलेले बाण घेऊन जमिनीवर मारायला सांगतो. किती वेळा, ते सांगत नाही. योवाश तीनदा मारून थांबतो. पाच-सहा वेळा मारायचे होतेस, असे म्हणून अलीशा त्याच्यावर चिडतो.

योवाशाने पुढे अरामी राजाचा तीनदाच पराभव केला आणि गेलेली नगरे परत मिळवली, असे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. हिशोब पाहिला तर कामगिरी काही वाईट नव्हे. मला नवल वाटते ते म्हाताऱ्याच्या रागाचे. ज्याला आता सगळेच सोडून जायचे आहे, ज्याला राजाच्या पुढच्या लढाया पाहायलाही मिळणार नाहीत, तो दुसऱ्याची अर्धी ओढ पाहून अंथरुणावर पडल्या पडल्या संतापतो.