जावक क्रमांक

जुने ईमेल खाते बंद करायचे, हे मी दिवाळीच्या साफसफाईतच ठरवले होते. २००५ साली एका मित्राकडून आमंत्रण मिळवून उघडलेले ते जीमेलचे खाते. त्या काळी आमंत्रणाशिवाय तिथे प्रवेश नव्हता, आणि ज्याच्यापाशी वाटण्याजोगी आमंत्रणे शिल्लक असत त्याचा ऑफिसात जरा भाव वाढलेला असे. इतर ठिकाणी पेटीत मोजके काही एमबी मिळत असताना इथे एक जीबी जागा फुकट मिळते, हे १ एप्रिल २००४ रोजी जाहीर झाले तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली होती. माझ्या पत्त्यात टोपणनाव आणि त्यापुढे जन्मसाल आहे. तेविसाव्या वर्षी तो मला रुबाबदार वाटला. पुढे बँकेच्या खिडकीपाशी तो अक्षरे सुटी करून मोठ्याने सांगावा लागला, तेव्हा रुबाब उतरला. गेली दहा वर्षे कामाची पत्रे दुसऱ्या खात्यावर येतात, आणि या खात्यात चपलांचे सेल आणि विम्याच्या योजना तेवढ्या नेमाने येतात.

बंद करण्यापूर्वी आतले सामान बाहेर काढून ठेवणे ओघाने आलेच. गूगलच्या टेकआउट या सोयीतून ते करता येते. मागणी नोंदवायची, काही तासांनी डाउनलोडची लिंक येते, आणि हाती पडते ती एमबॉक्स प्रकारची एक भलीमोठी फाइल. तीत सगळी पत्रे एकाखाली एक ओतलेली असतात. प्रत्येक पत्राच्या आरंभी 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते आणि तीच काय ती दोन पत्रांमधली भिंत. ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर फोटोंच्या जागी निरर्थक अक्षरांची पानेच्या पाने दिसतात. ईमेलमधून चित्र जाते ते बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलून, आणि त्या बदलात त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. थंडरबर्ड या ईमेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्यावर मात्र पत्रे पुन्हा पत्रांसारखी दिसू लागली, आणि मी वाचायला बसलो.

आमच्या घरी पूर्वी पत्रे तारेत ओवलेली असत. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मधे पोटात भोक पडलेली कार्डे व अंतर्देशीय पत्रे. त्या तारेवर फक्त आलेली पत्रे असत, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवले नव्हते. आम्ही आत्याला काय लिहिले, ते कऱ्हाडला आत्याच्या तारेवर. आपला अर्धा संवाद कायमचा दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेला असे, आणि त्यामुळे आपण फार चांगली पत्रे लिहीत होतो असे खुशाल समजता येई. ईमेलने ही सोय काढून घेतली. 'सेंट' नावाच्या कप्प्यात माझे सगळे बोलणे तारीखवार आणि मिनिटवार शाबूत होते. दुसऱ्यांची पत्रे जपावीत म्हणून बसलेला मी दोन संध्याकाळी स्वतःचीच वाचत राहिलो. त्यांतला तरुण मला फारसा आवडला नाही. साहेबांना लिहिताना तो गरजेपेक्षा जास्त नम्र आहे, मित्रांना लिहिताना पगाराचा उल्लेख सहज आल्यासारखा करतो, आणि घरी लिहिताना त्याला नेहमी मीटिंगला जायचे असते.

घरी म्हणजे बाबांना. बाबा जिल्हा परिषदेत बारनिशीला होते. आवक-जावक सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर, मी बंगळूरला गेलो म्हणून, ते साताऱ्यात एका सायबर कॅफेत जाऊन ईमेल शिकले. मराठी लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने. त्या लिपीत 'मला', 'माला' आणि 'माळा' हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात, त्यामुळे 'काल तुझ्या आईने मला साफ केला' हे वाक्य मी एकदा दिवसभर काळजीने वागवले होते. आणि प्रत्येक ईमेलच्या विषयाच्या जागी, न चुकता, जावक क्रमांक. 'जा. क्र. ७', 'जा. क्र. ८'. ऑफिसात मी ते मित्रांना दाखवून हसलो होतो. हसल्याचे ईमेलही जपून राहिले आहे.

बाबांची शंभरपानी वही कपाटात होती, ती काढली. डाव्या पानावर जावक: क्रमांक, दिनांक, विषय थोडक्यात. २००६ ते २००९ या काळात अठ्ठावन्न नोंदी. पेटीतली पत्रे मोजली तर छप्पन्न भरली. एकोणीस आणि चव्वेचाळीस हे क्रमांक नाहीत. स्पॅममध्ये पडलेले ईमेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि बाबांना कधीकधी सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत टाइप करायची हुक्की येई. ती दोन तशीच गेली असावीत. वहीत एकोणिसाव्यापुढे 'हवापाणी, आक्काचे डोळ्याचे ऑपरेशन' असे आहे. चव्वेचाळिसाव्यापुढे आहे, 'घराचा हप्ता व इतर'. सरकारी टिपणीत ज्या गोष्टीसाठी बैठक खरोखर भरलेली असते ती बहुधा 'व इतर' मध्येच असते, हे त्यांनीच मला सांगितले होते. त्रेचाळीस आणि पंचेचाळीस ही दोन्ही पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांत पावसाची आणि नळाच्या वेळेची माहिती आहे.

उजव्या पानावर आवक. तिथे माझी उत्तरे नोंदलेली आहेत, एकूण एकवीस. शेवटच्या रकान्याला 'शेरा' असे शीर्षक देऊन त्याखाली बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिला आहे: 'त्रोटक'. मी 'सेंट' उघडून ताळा केला. शेरा बरोबर आहे.

फाइलच्या दोन प्रती केल्या, एक हार्ड डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्हवर. आता फक्त ते शेवटचे बटण दाबायचे आहे. खाते पुसल्यावर तो पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही, माझे मलाही नाही, असे कळले. सध्या तरी मी थांबलो आहे. विजेचे बिल अजून त्याच पत्त्यावर येते, ते आधी बदलून घ्यायला हवे, असे मी घरात सांगितले आहे.