एसडीएस, मेलिटिन आणि सीएमसीच्या अलीकडचा गढूळ टप्पा

पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मिसेलला, म्हणजे साबणासारख्या रेणूंच्या गोळ्याला, चिकटतं का, हे पाहायचं म्हणून थेट २० मिलिमोलर एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, असाच एक साबणासारखा रेणू) ओतायचं आणि सीडीमध्ये (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने पेप्टाइडची घडी पाहण्याच्या पद्धतीत) २०८ व २२२ नॅनोमीटरला मळसूत्री घडीची खूण असलेले दोन खड्डे दिसले की प्रयोग संपला असं समजायचं, ही घाई महागात पडते. महत्त्वाचं बरंच काही मिसेल तयार होण्याआधीच घडून गेलेलं असतं.

मेलिटिनचंच घ्या. मधमाशीच्या विषातलं हे २६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. प्रकाश पडल्यावर चमकणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल एकच, १९व्या जागी, टायरोसिन नाही, उदासीन पीएचला सुमारे सहा धन प्रभार. कमी क्षाराच्या पाण्यात ते सुटंसुटं, विस्कळीत असतं आणि ट्रिप्टोफॅनचा उत्सर्जन-शिखर ३५० नॅनोमीटरच्या आसपास येतो. मिसेलमध्ये शिरलं की तो निळ्या बाजूला दहा-पंधरा नॅनोमीटर सरकतो.

एसडीएसचा सीएमसी (ज्या संहतीपासून मिसेल बनू लागतात ती) २५ अंशांना शुद्ध पाण्यात ८ मिलिमोलर, पण ०.१ मोलर मिठात जेमतेम १.५. म्हणून पुस्तकातला आकडा न घेता आपल्याच बफरमध्ये पायरीन (मिसेलमध्ये शिरल्यावर चमक बदलणारा रेणू) वापरून मोजावा. बफर सोडियम फॉस्फेटचाच हवा, १० मिलिमोलर, पीएच ७. पोटॅशियम असेल तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो आणि तो पेप्टाइडचा समजला जातो.

क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) ५ मायक्रोमोलर पेप्टाइड, २ मिलिलिटर. एसडीएसचा साठा २०० मिलिमोलर, त्याच बफरमध्ये आणि तेवढंच पेप्टाइड घालून केलेला. म्हणजे भर घालताना पेप्टाइड विरळ होत नाही. १ मायक्रोलिटर म्हणजे साधारण ०.१ मिलिमोलर. सुरुवातीला अगदी बारीक पावलं टाका, कारण डोडेसिल सल्फेटचे ऋण आयन पेप्टाइडचे प्रभार विझवतात, शेपट्या एकमेकींना ओढतात आणि द्रावण सीएमसीच्या कितीतरी आधी गढुळू शकतं. पुढे एसडीएस वाढलं की ते पुन्हा निवळतं. प्रत्येक टप्प्यावर ४०० नॅनोमीटरचं शोषण नोंदवा. तिथे ते चढलेलं असेल तर त्या बिंदूंवरून बंधनाचा स्थिरांक काढू नका, तो विखुरलेल्या प्रकाशाने बिघडलेला असतो.

ट्रिप्टोफॅनला चमकवणारं उद्दीपन २९५ ऐवजी २८० नॅनोमीटरला ठेवा. २९५ ला पाण्याचा रामन शिखर (पाण्यानेच विखुरलेल्या प्रकाशाचा) ३२८ च्या आसपास, म्हणजे नेमका सरकलेल्या शिखराच्या अंगावर येतो. २८० ला तो ३१० जवळ राहतो. २८० ला टायरोसिनही चमकतं, ते नसल्यामुळे इथे ही सोय आहे, इतर पेप्टाइडांत नसेल. पेप्टाइड नसलेला कोरा नमुना तरीही प्रत्येक टप्प्यावर वजा करायचाच.

मिसेलची संहती काढताना एकूण एसडीएसमधून सीएमसी वजा करून ६२ ने (एका मिसेलमधल्या एसडीएस रेणूंच्या सरासरी संख्येने) भागा. पाण्यात २८ मिलिमोलर असेल तर ०.३२ मिलिमोलर मिसेल, म्हणजे ५ मायक्रोमोलर पेप्टाइडच्या एका रेणूमागे साठहून अधिक. इतकी मुबलकता असताना पेप्टाइडांची मिसेलमध्ये गर्दी होत नाही. एसडीएस जुनं असेल तर आधी इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवा. त्यातला डोडेकॅनॉल सीएमसी खाली ओढतो.