कोवळी रेड आणि समीक्षकांचे गुण

२००३ची शातो पावी, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोची एक रेड वाइन, बाटलीत जाण्याआधीच भांडण लावून गेली. अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करनी तिला जवळपास पैकीच्या पैकी दिले, ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सननी २० पैकी १२. चाखली पिंपातली कच्ची वाइन, त्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघालेला, द्राक्षं अति पिकलेली. एकाला त्यात भरदारपणा दिसला, दुसरीला पोर्ट या गोड, कडक पोर्तुगीज वाइनची झाक. मला १२ जरा कंजूसच वाटतात.

कॅबर्ने द्राक्षाच्या कोवळ्या रेडमध्ये टॅनिन, म्हणजे सालीबियांतला तुरटपणा, जास्त, हिरड्या आवळून येतात. त्याचं पुढे काय होईल, हा शेवटी अंदाजच.

ठाण्यात मात्र मे महिन्यात बाटली ३२ अंशांवर असते आणि दोष वाइनच्या माथी. इतक्या उष्ण वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं. फार गार केली तर टॅनिन कडवट लागतं. हवी १६ ते १८ अंश. काचेच्या जगात ओतून, वर बशी ठेवून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बशी विसरू नका, नाहीतर कापलेल्या कांद्याचा वास लागतो. सोबत सुकं मटण चालेल. तांबड्या रश्श्याने मात्र घसा जळतो आणि टॅनिन दुप्पट बोचतं.