मुलीला आज आत ठेवा, असे मी म्हटले होते

गेल्या मंगळवारी सकाळी मी माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या बार्नेहागेत, म्हणजे इथे नॉर्वेतल्या बालवाडीत, एक साधी विनंती केली आणि ती नाकारली गेली. मुलीची सर्दी नुकतीच ओसरली होती, बाहेर चार अंश तापमान होते आणि आमच्या बर्गन शहरात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पडतो तसा पाऊस पडत होता. म्हणून आजचा दिवस तिला आत बसवा, एवढेच माझे म्हणणे होते. तिच्या गटाच्या शिक्षिकेने मला शांतपणे सांगितले की बाहेर येण्याइतके बरे वाटत नसेल तर मुलीने घरी विश्रांती घ्यावी, परंतु ती इथे आली असेल तर सर्वांबरोबर बाहेर येईल, कारण बाहेर जाणे हाच आमच्या दिवसाचा मुख्य भाग आहे. कामावर जाताना बसमध्ये मला रडू आले, आणि त्यात दुःखापेक्षा राग अधिक होता.

दुपारी मुद्दाम लवकर गेले. बालवाडीमागच्या टेकडीवर, तीन बाजूंनी बंद असलेल्या एका लाकडी आडोशात शेकोटी पेटली होती आणि मुले भोवती बसून घरून आणलेले डबे खात होती. माझी मुलगी मात्र थोडी वर, शेवाळलेल्या ओल्या खडकावर दोरी धरून चढत होती. शिक्षिका दोन हात अंतरावर उभी होती. ती मुलीला धरत नव्हती आणि 'पडशील' असेही म्हणत नव्हती, फक्त 'पुढचा पाय कुठे ठेवशील?' असे विचारत होती. वर पोहोचल्यावर मुलीने खिशातली पाइनच्या झाडाची बोंडे काढून मला मोजून दाखवली. ती अकरा होती. घरी पाटीवर तिला आठच्या पुढे न्यायला मी दोन आठवडे झटत होते.

कपड्यांविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. सर्वांत आत लोकरीचे पातळ कपडे, त्यावर जाड लोकर, त्यावर पाणी न शिरणारी पँट आणि कोट, पायात गमबूट, आणि या सगळ्याचा आणखी एक जोड बालवाडीतल्या खुंटीवर. प्रत्येक मोज्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची. दाराशीच कपडे सुकवण्याचे विजेचे कपाट आहे; चिखलाने भरलेले कपडे धुऊन त्यात टांगले की पुन्हा बाहेर जाईपर्यंत वाळतात. हवामान वाईट नसते, कपडे वाईट असतात, असे इथले लोक अभिमानाने म्हणतात. ज्या घरात दोन जोड घेण्याची ऐपत आहे तिथे हे म्हणणे खरे आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात पावसाळ्यात पोते दुमडून केलेली खोळ डोक्यावर घेऊन आम्ही शाळेत जात होतो.

आणि तरीही आम्ही कमी बाहेर नव्हतो. एलेन सॅन्डसेटर या नॉर्वेजियन अभ्यासिकेने २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोक्याची हत्यारे, पाणी-विस्तवासारख्या धोक्याच्या जागा, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे. ते वाचताना मला माझे बालपणच दिसले, कारण चिंचेचा शेंडा, वडाच्या पारंब्यांचा झोका, आईचा विळा, पुराचे पाणी उतरलेला नाला, कडब्याच्या ढिगावरची कुस्ती आणि उंच वाढलेल्या तुरीत तासभर लपून राहणे, हे सहाही प्रकार आम्हाला कोणी न शिकवता येत होते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आमच्यावर नजर ठेवायला कोणी नव्हते. आई निंदणाला गेलेली असे. इथे २०१८ पासून तीन वर्षांखालच्या तीन मुलांमागे आणि त्यावरच्या सहा मुलांमागे एक मोठे माणूस असलेच पाहिजे, असा नियम आहे. आमच्या गावच्या अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस आहेत. आहार, वजन, लसीकरणाच्या नोंदी आणि गृहभेटी सांभाळून त्यांनी तीस मुलांना टेकडीवर न्यावे, असे परदेशात बसून मी म्हणणार नाही.

मला खरे दुःख 'अंगणवाडी' या शब्दाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. त्याच नावाखाली आज आमच्या गावची मुले एका खोलीत बसतात, आणि ज्यांना परवडते ते तीन वर्षांच्या मुलाला टाय बांधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. माझ्या भावानेही तेच केले, आणि त्या वेळी मला ते योग्य वाटले होते.

तरी सगळे इथल्या लोकांचेच बरोबर, हे मी मान्य करणार नाही. मागच्या मे महिन्यात गावी पारा पंचेचाळीसवर असताना मी मुलीला दुपारभर घराबाहेर पडू दिले नाही, आणि ते योग्यच होते. थंडीला लोकर आहे, विदर्भातल्या उन्हाला घालायला कपडा नाही. पण आमच्याकडे उन्हाळ्यातही सकाळ असते, आणि सकाळी सातला कडुनिंबाखाली गार सावली असते. त्या वेळी मी तिला मोबाइल दिला होता. मला थोडे काम उरकायचे होते.

रात्री आईला फोनवर सगळे सांगितले. आधी ती माझ्यावरच चिडली, 'काहून व, इतक्या पाण्यात पोरीले बाहेर कायले सोडते?' मग अकरा बोंडांचे ऐकून थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'पुढच्या पोळ्याले घेऊन ये तिले. नाल्यावरची माती आणून बैल करू.' पुढच्या वर्षीच्या पोळ्याच्या आणि मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या आठवड्याची रजा मी काल मागितली आहे. आताचे गमबूट तोवर मुलीला होणार नाहीत, म्हणून एक माप मोठे घेऊन ठेवणार आहे. पावसाळ्यात नाल्याकाठच्या गवतात साप असतात.