रेसिंगचा लेदर सूट घेताना आधी शिवण उलटून बघा

ट्रॅकवर पडल्यावर सूट उघडा पडतो तो बहुतेक वेळा शिवणीत. चामडं घासून भोक पडायला वेळ लागतो. वर आलेला दोरा मात्र डांबराला लागताच तुटतो आणि टाके सुटले की पॅनेल (चामड्याचे जोडलेले तुकडे) दुभंगून अंग सरळ रस्त्याला लागतं. म्हणून रंग आणि लोगो नंतर. सूट हातात आला की तो उलटा करा आणि खांदा, कोपर, नितंब, गुडघ्याची बाहेरची बाजू इथल्या शिवणी बघा. लो-साइडला बाइक खालून निघून जाते तेव्हा रायडर याच जागांवर घसरत जातो.

या जागी शिवणीच्या किमान दोन, शक्यतो तीन ओळी हव्यात आणि त्यातली एक तरी दोन पॅनेलांच्या घडीत दडलेली हवी. वरची ओळ घासून गेली तरी ती धरून राहते. तिन्ही ओळी वरच दिसत असतील तर तिन्ही एकाच घसरणीत जाणार. दोरा बॉन्डेड, म्हणजे धागे लेपाने एकत्र चिकटवलेल्या, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा घामाने कुजतो. टाके फार दाट नकोत. इंचाला आठ-नऊच्या आसपास ठीक. त्याहून खूप दाट घातले की चेकबुकाच्या पानासारखी छिद्रांची रेघ तयार होते आणि चामडं नेमकं तिच्यावरच फाटतं.

रंगीबेरंगी डिझाइनचा मोह इथेच महागात पडतो. प्रत्येक रंगाचा तुकडा म्हणजे एक जादा शिवण. नाव, नंबर, स्पॉन्सरची अक्षरं एकसंध पॅनेलच्या वर लावलेली असतील तर हरकत नाही, पण पॅनेल कापून त्यात बसवलेली अक्षरं नितंबावर किंवा कोपरावर अजिबात नकोत.

चामड्यात गाईचं फुल-ग्रेन (वरचा मूळ थर शाबूत असलेलं), 1.1 ते 1.3 मिमी जाडीचं, हा सर्वांत भरवशाचा पर्याय. कांगारूच्या चामड्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे विणलेले असतात, त्यामुळे ते कमी जाडीतही फाटायला चिवट असतं आणि सूट हलका होतो. पण घासण्याच्या बाबतीत जाडीला पर्याय नाही. एकाच सुटात दोन-तीन सीझन काढायचे असतील तर माझं मत गाईच्या चामड्याला. स्प्लिट लेदर टाळाच. वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावर प्लास्टिकचा लेप चढवलेला असतो. चामड्याची कापलेली कड कुठे उघडी दिसली तर नीट बघा: वर तकतकीत पापुद्रा आणि खाली सगळा भुसभुशीत केसाळ थर असेल तर तो सूट खाली ठेवा. धारावीत जॅकेटं उत्तम शिवून मिळतात, पण फॅशन जॅकेटचं मेंढीचं मऊ, पातळ चामडं ट्रॅकसाठी नाही. कारागिराकडून सूट शिवून घ्यायचा असेल तर चामडं आणि दोरा दोन्ही आधी ठरवून घ्या.

स्ट्रेच कापड गुडघ्यामागे, जांघेत आणि काखेकडच्या आतल्या बाजूला असतं. तिथे ते लागतंच. हात-पायाच्या बाहेरच्या बाजूपर्यंत ते वळून आलं असेल तर घसरताना तेच आधी वितळेल. वारा खेळण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रं छातीवर, मांडीच्या पुढच्या भागावर चालतात. खांद्यावर आणि नितंबावर नकोत.

आतलं लेबल वाचा. ईएन 17092 (रायडरच्या कपड्यांचं युरोपीय मानक) आणि पुढे एएए असं असेल तर अंगाचे सर्वांत जास्त घासणारे भाग ताशी 120 किमी वेगाच्या घसरणीच्या चाचणीतून गेलेले असतात. एए वर्गात हाच आकडा 70 आहे. रेसिंगसाठी एएएच. आर्मरचा, म्हणजे आत बसवलेल्या संरक्षक पॅडचा, शिक्का वेगळा असतो. खांदा, कोपर, गुडघ्याला ईएन 1621-1, लेव्हल 2: चाचणीच्या आघातातून सरासरी 20 किलोन्यूटनपेक्षा जास्त बळ आत जात नाही, लेव्हल 1 ला 35 चालतं. मऊ आर्मर उन्हात आणखी मऊ पडतो आणि आघात कमी शोषतो, म्हणून शिक्क्यावर ‘टी+’ आहे का ते बघा. तो 40 अंशांनाही तपासलेला असतो. चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर दुपारी उतरणाऱ्याला ही खूण फार कामाची. पाठीच्या कप्प्यात बऱ्याचदा नुसता फोम असतो. तो काढून ईएन 1621-2 लेव्हल 2 चा बॅक प्रोटेक्टर घाला, आणि सूट तो घालूनच मापा.

माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. रेसिंग सूट ओणवं बसण्यासाठी कापलेला असतो. सरळ उभं राहिल्यावर आरामशीर वाटला तर तो मोठा आहे. बाइकवर बसा, टाकीवर छाती टेका, दहा मिनिटं तसेच राहा, गुडघा बाहेर काढा. हाताला मुंग्या येत असतील किंवा गुडघ्यामागे चामड्याची घडी रुतत असेल तर तो लहान आहे. मग मित्राला कोपरावरचा आर्मर मुठीत धरून पिरगळायला सांगा. तो कोपरावरून बाजूला सरकला, तर घसरताना बाही अशीच फिरेल आणि आर्मर हवेत राहील. हीच परीक्षा गुडघ्याला आणि खांद्याला. चामडं वापराने रुंदीत थोडं सैल पडतं, लांबीत नाही. आखूड सूट ‘पुढे बसेल’ म्हणून घेऊ नका. शिवून घेत असाल तर छाती-कंबरेसोबत खांद्यावरून जांघेतून परत खांद्यापर्यंतचा पूर्ण वेढाही मोजून द्या. हे माप चुकलं तर ओणवं बसता येत नाही. पडताना आपोआप फुगणारी एअरबॅग घालणार असाल तर ती फुगायला छातीत आणि खांद्यात जागा लागते. अगदी घट्ट सुटात ती उलट बरगड्या दाबते. मोटोजीपीत 2018 पासून एअरबॅग सक्तीची आहे.

वन-पीस आणि टू-पीसचा प्रश्न लवकर मिटतो: रेसला वन-पीस घ्या. टू-पीस फक्त ट्रॅक-डेसाठी (रेस नसताना ट्रॅकवर बाइक चालवायचा दिवस), आणि तेही कमरेला पूर्ण गोल फिरणाऱ्या चेनने जोडलं जात असेल तरच.

सेशन संपलं की सूट रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, चेन उघडी ठेवून वाळवा. अस्तर सुटं निघणारं असेल तर धुवा. घामाचं मीठ चामडं कडक करतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेल्या सुटाला हमखास बुरशी लागते, कापडी पिशवी वापरा. लेदर कंडिशनर पातळ हाताने लावा, जास्त तेलाने चामडं ढिलं पडतं.

पडल्यानंतर सूट पुन्हा उलटा करा. वरची ओळ तुटली असेल तर जुन्याच छिद्रांतून शिवून घ्या, शेजारी नवी छिद्रं पाडू देऊ नका. चामडं निम्म्याहून जास्त झिजलं असेल तर अख्खं पॅनेल बदला. वरून ठिगळ चिकटवलं की त्याची कड पुढच्या घसरणीत डांबरात अडकते आणि सरळ घसरत जाणारा रायडर गडगडायला लागतो.