परातीला जागा नाही

डेन्मार्कमधल्या जुन्या साइडबोर्डाचं, म्हणजे ताटं-वाट्या ठेवायच्या लांबट बुटक्या कपाटाचं, दार सरकवलं की आधी दिसतो तो हिशोब. 1924 मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं, ते कोरे क्लिंट यांच्या हाताखाली. हा गृहस्थ विद्यार्थ्यांना आधी मोजायला बसवायचा. ताटल्या, पेले, काटे-चमचे, सगळ्यांची मापं घ्या, मग कपाटाचं बघू. त्यांचा शिष्य बोर्गे मोगेन्सन आणि ग्रेथे मायर यांनी पन्नासच्या दशकात याच्याही पुढे जाऊन घरात शर्ट किती, चादरी किती याची मोजदाद केली आणि त्यावरून भिंतीतली कपाटं बेतली. जनगणनाच म्हणायची!

कोपनहेगनच्या आमच्या घरातला साइडबोर्ड साठच्या दशकातला आहे. दोन मीटर लांब, जेमतेम कमरेइतका उंच, आणि सागाचा. ‘सागाचा’ म्हटल्यावर चंद्रपूरच्या मामांनी फोनवर लगेच विचारलं, “भरीव आहे ना गं?”

भरीव नाही. वर सागाचा पातळ पापुद्रा, कडांना तेवढा अस्सल साग, आत दुसरंच लाकूड. डेन्मार्कात साग उगवतच नाही. तो सयाम-ब्रह्मदेशातून बोटीने यायचा, तेव्हा जपून वापरलेला बरा. शिवाय हिवाळाभर तापवलेल्या कोरड्या खोलीत रुंद भरीव फळी वाकडी व्हायला वेळ लागत नाही. मामांना हे पटलेलं नाही. पण एकाच ओंडक्यातून ओळीने काढलेले पापुद्रे इथे ओळीनेच चिकटवलेत. त्यामुळे पहिल्या दारावर रेषांचा जो डोंगर उठतो, तोच पुढच्या तिन्ही दारांवर किंचित बदलत जातो. मूठ नाही, कडी नाही. बोट घालायला लाकडातच एक खोलगट खाच कोरलेली, वर्षानुवर्षांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. भरीव सागात हे डोंगर असे ओळीने मिळाले असते का, हे मी मामांना अजून विचारलेलं नाही.

लोक याला साधेपणा वगैरे म्हणतात. मला तसं वाटत नाही. पसारा तितकाच असतो, फक्त दाराआड. आणि दारं सरकती, म्हणजे डावीकडचं उघडलं की शेजारचं झाकलं गेलंच.

खरी पंचाईत मापांची. वरच्या खणात हिरवी बनात लावलेले उथळ कप्पे आहेत, काटे-सुऱ्यांसाठी. त्यात कालथा आडवा मावत नाही, झारा तर नाहीच. बनातीला हळदीचा एक डाग पडलाय, तो आता जाणार नाही. सपाट ताटल्या फळीवर शिस्तीत बसतात. उभ्या काठाची स्टीलची ताटं एकावर एक चढवली की वरची फळी आडवी येते. आणि परात! परात कुणी मोजलीच नव्हती.

अशा साइडबोर्डांची पाठही पुष्कळदा पॉलिश केलेली असते, खोलीच्या मधोमध ठेवता यावेत म्हणून. आमचाही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेला आहे. पाठीचं लाकूड दिसावं म्हणून, असं मी पाहुण्यांना सांगते. त्या फटीत परात आणि पोळपाट उभे असतात.