झापांच्या कुटी आणि मचूळ विहीर

लक्षद्वीपमध्ये कायमची वस्ती नसलेल्या एका लहान बेटावर पाहुण्यांसाठी बांधलेल्या कुटींचे पाणी तपासण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा एप्रिल संपत आला होता. भूजलाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला हा काळ महत्त्वाचा वाटतो, कारण शेवटचा मोठा पाऊस होऊन महिने लोटलेले असतात, मोसमी पाऊस अजून आलेला नसतो आणि बेटाच्या पोटातले गोडे पाणी वर्षभरातल्या सर्वांत कमी पातळीवर आलेले असते. पर्यटकांची गर्दी मात्र नेमकी याच सुमारास असते. पाणी संध्याकाळपर्यंत मचूळ होते, अशी पाहुण्यांची तक्रार होती आणि विहीर खोल करावी की नाही, याबद्दल माझे मत हवे होते. प्रत्यक्षात खोदकामाची माणसे पहारी आणि घण घेऊन माझ्या आधीच बेटावर पोहोचली होती.

नारळीच्या बनात, पुळणीपासून थोड्या अंतरावर सहा कुटी होत्या. माडाच्या खोडाचे खांब, विणलेल्या झापांचे छप्पर, जमिनीपासून हातभर उंच लाकडी तक्तपोशी आणि दाराबाहेर वाळूत पुरलेला पाय धुण्याचा रांजण, अशी त्यांची रचना होती. विजेचे दिवे सौरपटलांवर चालत आणि पंखे रात्री ठरावीक तासच फिरत. साधेपणाचे हे रूप मला मनापासून आवडले. समुद्रावरून येणारा वारा तक्तपोशीच्या खालून आणि झापांच्या फटींतून खेळत असल्याने भर दुपारीही आत बसवत होते, आणि ही सोय सिमेंटच्या बंद खोलीत मिळाली नसती. पण प्रत्येक कुटीला मागे जोडलेले न्हाणीघर होते, त्यात डोक्यावरून पाणी सोडणारा फवारा होता आणि सहाही फवाऱ्यांचे पाणी एकाच विहिरीवरच्या विजेच्या पंपाने टाकीत चढवले जात होते. राहणी साधी दिसत होती, पाण्याचा खर्च मात्र शहरी हॉटेलसारखा होता.

प्रवाळबेटावर नदी नसते, ओढा नसतो, आणि जमिनीखाली भेगांमधून दूरवरून येणारे झरेही नसतात. पडलेला पाऊस प्रवाळाच्या भुसभुशीत वाळूत थेट मुरतो आणि खाली सर्वत्र भरलेल्या खाऱ्या पाण्यावर, त्याच्यापेक्षा हलका असल्यामुळे, दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो. या थराचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बाडॉन गायबेन याने आणि १९०१ मध्ये जर्मन अभियंता हर्झबर्ग याने स्वतंत्रपणे मांडले. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा असल्यामुळे समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी जितके उभे असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत ते खाली टिकू शकते. ऐकायला हे फार समाधानकारक वाटते. पण याच गणिताची उलटी बाजू अशी, की विहिरीतली पातळी उपशामुळे दहा सेंटिमीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर तिच्याखालचे खारे पाणी चार मीटरपर्यंत वर चढू शकते. प्रत्यक्षात गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा रेघेसारखी स्पष्ट नसते, भरती-ओहोटीने ते सतत एकमेकांत मिसळत असते, आणि लक्षद्वीपच्या अरुंद बेटांवर निखळ गोड्या पाण्याचा थर अनेक ठिकाणी काही मीटरच भरतो.

पहाटे पंप सुरू होण्याआधी मी विहिरीत मोजणीयंत्र सोडले. पाण्यातल्या क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता सेंटिमीटरला सुमारे १,२०० मायक्रोसीमेन्स आली, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण पाऊण ग्रॅम क्षार. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. तेव्हा एप्रिलअखेरच्या बेटावरचे हे पाणी उत्तमच म्हणायला हवे होते. मग पाहुणे उठले, फवारे सुरू झाले, स्वयंपाकघराची भांडी निघाली, चादरी धुवायला पडल्या आणि पंप थांबेनासा झाला. तो पौर्णिमेनंतरचा दिवस होता. उधाणाच्या दिवसांत भरती जशी जास्त चढते तशी ओहोटीही जास्त उतरते, आणि प्रवाळाच्या वाळूतून समुद्राचा हा श्वास विहिरीपर्यंत पोहोचतो. ओहोटीने पाणी आधीच खाली ओढले होते, त्यात पंपाने आणखी ओढले. दुपारी वाहकता ३,९०० वर गेली होती. बेटाची राखण करणारे वृद्ध गृहस्थ, जे शेजारच्या वस्तीच्या बेटावरून नारळ उतरवायला तरुणपणापासून येथे येत आले आहेत, त्यांनी ओंजळभर पाणी जिभेवर घेऊन थुंकले आणि मोडक्या हिंदीत सांगितले, की पोहऱ्याने पाणी काढत तेव्हा या विहिरीने असे कधी केले नव्हते.

व्यवस्थापकांना हे मान्य होते, पण त्यांचा निष्कर्ष वेगळा होता. पाणी खाली जाते म्हणजे विहीर उथळ आहे, तेव्हा तळाचा कठीण थर फोडून ती आणखी दोन मीटर खाली न्यावी, असे ते म्हणत होते. मुख्य भूमीवर विहिरी पाहिलेल्या कोणत्याही समंजस माणसाला हेच सुचेल. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खोल केली, तर नवी भेग, नवा झरा लागण्याची आशा असते. येथे तळाशी असलेला प्रवाळखडकाचा कठीण थर हा खालच्या खाऱ्या पाण्याला काही प्रमाणात तरी अडवणारा शेवटचा पडदा होता, आणि तो फोडायला घण काठावर तयार होते. मी व्यवस्थापकांना फक्त संध्याकाळपर्यंत थांबण्याची विनंती केली. खोदाईच्या माणसांची मजुरी रोजची असल्याने ही विनंती त्यांना महाग वाटली, हे मला कळत होते. तरीही हाच एक दिवस वाचवणे आवश्यक होते, कारण तो थर एकदा फुटला की पुन्हा बसवता येत नाही.

वादात वेळ न घालवता मी त्याच मजुरांना विहिरीपासून काही पावलांवर एक निमुळती नळी वाळूत उतरवायला लावली. नळीला खालपर्यंत बारीक छिद्रे होती. कठीण थराला मी तिथेही हात लावू दिला नाही. नशिबाने त्या जागी तो तुटक होता आणि नळी त्याच्या बाजूने खाली सरकली. पाणी स्थिरावल्यावर मोजणीयंत्र दोरीने हात-हात खाली सोडत मी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि व्यवस्थापकांनी तो स्वतःच्या वहीत लिहिला. वरच्या थरात आकडा हजाराच्या आसपास होता. मीटरभर खाली तो दुप्पट झाला. विहिरीच्या सध्याच्या तळाच्या पातळीवर तो सहा हजारांपुढे होता, आणि ज्या खोलीपर्यंत विहीर न्यायची होती तेथे तो वीस हजारांच्या जवळ पोहोचला. समुद्राच्या पाण्याचा आकडा सुमारे पन्नास हजार असतो. त्यांनी वही मिटली आणि मजुरांना पहारी कुटीमागे ठेवायला सांगितले. माझ्या कामात कागदावरचे गणित समोरच्या माणसाच्या इतके लवकर हाती येण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

पंप बंद ठेवल्यावर रात्रीच्या भरतीने पातळी वर आली आणि वाहकता हळूहळू उतरू लागली, पण ती पहाटेच्या आकड्यापर्यंत आली नाही. वर चढलेले खारे पाणी ज्या वेगाने येते त्या वेगाने परत जात नाही. त्याला खाली ढकलायला वरून नवे गोडे पाणी लागते आणि ते पावसाशिवाय मिळत नाही. न्हाणीघरांचे सांडपाणी वाळूत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांमुळे विहीर दूषित होत असावी, अशी मला शंका होती; तीही खरी ठरली. विहिरीचे पाणी भरून ठेवलेली जंतुपरीक्षणाची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली होती, म्हणजे पाण्यात सांडपाण्यातले जंतू असण्याची शक्यता होती. वाळूतून सांडपाणी किती सहज पाझरते हे लक्षात न घेता शोषखड्डे विहिरीच्या फार जवळ खणले गेले होते. पिण्याचे पाणी उकळण्याची सूचना मी तत्काळ दिली.

मजुरांचा दुसरा दिवस वाया गेला नाही. त्यांनी शोषखड्ड्यांपासून दूर, बेटाच्या मध्यभागी, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक लांब आडवा चर खणला, त्यात छिद्रांची नळी टाकली आणि भोवती प्रवाळाची खडी भरली. एका बिंदूतून खोलवर ओढण्याऐवजी लांबवर पसरून वरचेवर थोडे थोडे पाणी घेणारी ही रचना प्रवाळबेटांना मानवते. पण तिच्यामुळे पाणी वाढत नाही, ते घेण्याची रीत तेवढी सुधारते. लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या आणि खोलातल्या पाण्याच्या तापमानातील फरकावर चालणारा, रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प आहे. तसे काही येथे करता येईल का, असे व्यवस्थापकांनी विचारले. सहा कुटींसाठी ते शक्य नाही, असे मला सांगावे लागले.

शक्य होते ते छपरावर. लक्षद्वीपमध्ये वर्षाला सरासरी सुमारे १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एक चौरस मीटर छपरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. झापांचे छप्पर मात्र हे पाणी धड सोडत नाही. ते भिजते, कुजते, त्यातून तांबूस गढूळ पाणी ठिबकते आणि झाप वारंवार बदलावे लागतात. स्वयंपाकघर आणि कामगारांच्या खोल्या मिळून साठ चौरस मीटर छपराला पन्हळी पत्रे घातले, तर गळती धरूनही वर्षाला ७२,००० लिटर पाणी हाती येते. वीस माणसांच्या पिण्या-रांधण्याला माणशी सात लिटर धरले, तर कोरड्या पाच महिन्यांना २१,००० लिटरचा साठा पुरतो. पत्र्याने बेटाचे रूप बिघडेल, अशी मालकांची तक्रार फोनवरून आली. रूपाबद्दलची त्यांची काळजी प्रामाणिक होती. पण ज्या बेटावर पाहुण्यांची संख्या ठरवताना खोल्या मोजल्या जातात आणि पाणी मोजले जात नाही, तेथे ते रूप फार वर्षे टिकणार नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. कामगारांच्या बाजूचे पत्रे आणि टाक्या त्यांनी मंजूर केल्या. पाहुण्यांच्या कुटी झापांच्याच राहणार आहेत, आणि त्याला माझाही विरोध नाही.

अहवालात मी आणखी दोन अटी घातल्या आहेत: फवारे काढून न्हाणीघरात बादली आणि तांब्या ठेवावा, आणि पहाटेची वाहकता ३,००० च्या वर गेली तर पाऊस सुरू होईपर्यंत नव्या पाहुण्यांची नोंदणी थांबवावी. राखणदारांना मोजणीयंत्र वापरायला शिकवले आहे आणि ते रोजचा आकडा लिहून ठेवतात. बादलीची अट मालकांनी स्वीकारली आहे. नोंदणी थांबवण्याच्या अटीवर आमचा पत्रव्यवहार सुरू आहे.